गावाची तार, राज्याचा कायदा

जोन्स स्ट्रीटवर डॉगवुडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली आहेत. साल २०११, शहर रॅले, नॉर्थ कॅरोलायना राज्याची राजधानी. तुम्ही विधिमंडळाच्या इमारतीत शिरता. पितळी दारं, पायाखाली लाल गालिचा, वर पिरॅमिडच्या आकाराची छपरं. तुम्हाला कुणी हटकत नाही, कारण तुम्ही कुणाला दिसतच नाही. समितीच्या खोलीतल्या खुर्च्या भरल्या आहेत. भिंतीला टेकून उभं राहा आणि नीट ऐका.

चर्चा विधेयक क्रमांक १२९ वर चालली आहे. प्रतिनिधी मेरिलिन अविला यांनी ते मांडलं आहे. असे प्रयत्न आधीही झाले आणि बारगळले होते, पण गेल्या निवडणुकीत दोन्ही सभागृहं रिपब्लिकन पक्षाच्या हाती आली आहेत आणि या वेळी वारं फिरलं आहे. एखाद्या नगरपालिकेनं स्वतःची इंटरनेट सेवा चालवायची म्हटलं, तर तिनं काय काय करायचं याची जंत्री विधेयकात आहे. कर्ज काढण्याआधी मतदान घ्यायचं. वीजखात्याचा पैसा इंटरनेटला लावायचा नाही. खर्चापेक्षा कमी दर ठेवायचा नाही. आणि खर्च मोजताना खाजगी कंपनीला जे कर आणि जे व्याज भरावं लागलं असतं, तेही आपल्याच डोक्यावर धरायचं. शिवाय आपल्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही.

एकेक अट वाचली तर वाजवी वाटते. साऱ्या एकत्र वाचल्या की कळतं, या वाटेनं कुणी जाऊच नये अशी ही वाट आखली आहे.

खोलीत दोन तट आहेत. एका बाजूला केबल आणि टेलिफोन कंपन्यांचे प्रतिनिधी. ते या इमारतीला सरावलेले आहेत, आमदारांना पहिल्या नावानं हाक मारतात. दुसऱ्या बाजूला छोट्या शहरांचे महापौर, नगरसेवक, वीजखात्याचे अधिकारी. पहाटे घरून निघून आलेले. कंपन्यांचं म्हणणं असं: सरकारनं नागरिकांच्या पैशावर आमच्याशी स्पर्धा करू नये. शहर कर भरत नाही, त्याला कर्ज स्वस्त मिळतं, विजेचे खांब त्याचेच, रस्ता खणायची परवानगीही तेच देणार. मग आम्ही टिकायचं कसं? आणि धंदा बुडाला तर भरपाई कोण करणार? उदाहरण त्यांच्या हाताशीच आहे. याच राज्यातल्या मूर्सव्हिल आणि डेव्हिडसन या गावांनी २००७ साली दिवाळखोरीतली एक केबल यंत्रणा सुमारे ८ कोटी डॉलरना विकत घेतली, आणि तिचा तोटा दरवर्षी गावच्या तिजोरीतून भरून काढावा लागतो आहे.

हा मुद्दा उडवून लावू नका. युटा राज्यातल्या प्रोव्हो शहरानं जवळपास ४ कोटी डॉलरचं कर्ज काढून फायबर टाकलं, आणि पुढे २०१३ मध्ये ते सारं जाळं गूगलला एका डॉलरला दिलं. कर्ज मात्र शहराच्याच माथी राहिलं. सार्वजनिक पैसा बुडतो तेव्हा तो खरोखर कुणाच्या तरी घरपट्टीतून जातो. शहरांच्या बाजूनं बोलणाऱ्याला हे मान्य करूनच बोलावं लागेल. मी त्यांच्याच बाजूचा आहे, म्हणून ते आधी सांगितलं.

आता दुसरी बाजू ऐकायची, तर या खोलीत थांबून उपयोग नाही. पाच वर्षं मागे आणि सुमारे पन्नास मैल पूर्वेला चला.

विल्सन. साल २००६. वस्ती पन्नास हजारांच्या आतबाहेर. एके काळी तंबाखूच्या लिलावासाठी जगभर नाव असलेलं गाव. हंगामात गोदामांमधून लिलाववाल्यांची अखंड लय ऐकू यायची. ती गोदामं आता बहुतेक मुकी आहेत. जवळच लुकामाच्या रस्त्यावर व्हॉलिस सिम्पसन नावाचे म्हातारे गृहस्थ भंगाराच्या लोखंडातून उंच उंच फिरक्या उभारतात. वारा आला की त्या करकरत फिरतात आणि रात्री गाडीच्या दिव्यांत झळाळतात. ज्या शहराची तंबाखू गेली, कारखाने गेले, त्याला आता तरुणांना गावात धरून ठेवायचं आहे. त्यासाठी फायबर हवं, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून प्रकाशानं धावणारं इंटरनेट. शहरानं आधी कंपन्यांनाच विचारलं: तुम्ही टाका, आम्ही मदत करतो. नकार आला. या वस्तीत गुंतवलेला पैसा लवकर सुटणार नाही, हा त्यांचा हिशोब.

कंपनीच्या जागी बसून पाहिलं तर तो हिशोब चुकीचा नाही. भागधारकांना उत्तर द्यायचं असेल तर तोच करावा लागतो. पण विल्सनला स्वतःचं वीजखातं आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचं. खांब आहेत, गाड्या आहेत, तारेवर चढणारी माणसं आहेत, बिल पाठवणारं ऑफिस आहे. नगर परिषदेनं ठरवलं, आपणच टाकू. सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरचं कर्ज उभं राहिलं आणि २००८ साली ‘ग्रीनलाइट’ नावानं सेवा सुरू झाली. पुढे विल्सनचे लोक एक गोष्ट आवर्जून सांगायचे: ग्रीनलाइट आल्यावर आमच्या गावात केबल कंपनीचे दर जागच्या जागी थांबले, रॅलेच्या बाजूला मात्र वाढत गेले. हे ज्यांना परवडलं नाही, ते कोणत्या खोलीत गेले असतील हे तुम्ही नुकतंच पाहून आला आहात.

अजून मागे चला, १९३५ पर्यंत.

याच मुलखातली एक शेतवाडी. संध्याकाळ झाली आहे आणि अंधार म्हणजे खरा अंधार आहे. बाई विहिरीचं पाणी ओढून आणते, चुलीवर तापवते, जड लोखंडी इस्त्र्या आळीपाळीनं निखाऱ्याशी ठेवते. रॉकेलच्या दिव्याखाली मुलगा धडा वाचतो. डोळे चोळत, पुस्तक ज्योतीच्या अगदी जवळ धरून. काही मैलांवरच्या शहरात विजेचे दिवे लखलखत आहेत. त्या वर्षी अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांमध्ये जेमतेम एका घरात वीज होती. वीज कंपन्यांनी हिशोब केला होता: मैलभर तार ओढायची आणि तिच्यावर घरं दोन-तीन. परवडत नाही.

११ मे १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाची यंत्रणा उभी करण्याच्या आदेशावर सही केली. सरकारनं कमी व्याजाचं कर्ज द्यायचं आणि शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून स्वतःच्या तारा ओढायच्या. कुणी घरोघर फिरून सभासद होण्यासाठी पाच-पाच डॉलर गोळा केले, कुणी स्वतःच्या रानातून खांबांना वाट दिली. आणि मग एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडली, ती ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे: सहकारी संस्था उभी राहते आहे असं दिसलं की जी कंपनी वर्षानुवर्षं आली नव्हती ती अचानक येई, त्या भागातल्या बऱ्या वस्तीतून घाईघाईनं एक तार ओढे आणि मलई काढून घेई. उरलेल्या विरळ वस्तीवर सहकारी संस्थेचं भागणार नाही, हा त्यामागचा बेत. इंग्रजीत अशा तारांना द्वेषाच्या तारा असंच म्हणत.

इथे एक आडवाट घेतो, कारण ही तार आपल्या घरापर्यंतही आली होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीला भारतात ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा प्रयोग झाला, तो अमेरिकेतल्या याच संस्थांच्या सल्ल्यानं. त्यातली एक आपल्या नगर जिल्ह्यातली, श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. चार दशकं तिनं त्या पट्ट्यात वीज वाटली. पण थकबाकी वाढत गेली, वाद न्यायालयात गेले, आणि २०११ मध्ये वितरण महावितरणकडे गेलं. रॅलेमध्ये विधेयक १२९ चर्चेला होतं ते हेच वर्ष. मुळा-प्रवरेचं जे झालं त्यावरून कुणी असा कायदा केला नाही, की यापुढे महाराष्ट्रात लोकांनी वीज संस्था काढूच नये. एक संस्था अडचणीत आली, तिचा निवाडा तिच्यापुरता झाला. अपयशाचा हिशोब ज्याचा त्यानं द्यावा, हे रॅलेमध्येही म्हणता आलं असतं.

परत रॅलेला, मे २०११. विधेयक दोन्ही सभागृहांत मोठ्या बहुमतानं मंजूर झालं आहे. आता सारं गव्हर्नर बेव्हर्ली पर्ड्यू यांच्या टेबलावर. त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या. शहरांनी त्यांना पत्रं लिहिली आहेत, नकाराधिकार वापरा म्हणून. त्या सही करत नाहीत आणि नकारही देत नाहीत. मुदत संपते आणि विधेयक सहीशिवाय कायदा होतं. मला यातली ही शांतता सगळ्यात जास्त खुपते. विरोध करणाऱ्याशी निदान वाद घालता येतो.

विल्सनचं चालू जाळं कायद्यानं वाचवलं, पण त्याच्याभोवती काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, सीमेची रेघ ओढली. तिच्या आत सेवा द्या, बाहेर नाही.

चार वर्षं पटकन ओलांडू. २०१३ पर्यंत ग्रीनलाइट सेकंदाला एक गिगाबिटचा वेग देऊ लागली आहे. राज्यात असं पहिलं शहर. रॅलेजवळच्या केरी, मॉरिसव्हिल या उपनगरांत राहणारी आपली मराठी आयटी मंडळी त्या सुमाराला जो वेग मागत होती, तो तंबाखूच्या या जुन्या गावात आधी पोचला होता. तिकडे टेनेसीतल्या चॅटनूगाच्या सार्वजनिक वीज मंडळानं २०१० मध्येच गिगाबिट सुरू केलं होतं, आणि त्यालाही राज्याच्या कायद्यानं वीजपुरवठ्याच्या हद्दीत कोंडलं होतं. हद्दीपलीकडचे लोक फोन करून विचारतात, आम्हाला कधी? उत्तर एकच, कायदा नाही म्हणतो. २०१४ च्या जुलैमध्ये दोन्ही शहरं वॉशिंग्टनला, केंद्रीय दूरसंचार आयोगाकडे अर्ज करतात.

२६ फेब्रुवारी २०१५. आयोगाच्या सभागृहात कॅमेऱ्यांची गर्दी आहे, पण ती दुसऱ्याच विषयासाठी: आज इंटरनेटच्या समान वागणुकीच्या नियमांवर मतदान आहे. या दोन शहरांचं प्रकरणही आजच्याच यादीत. अध्यक्ष टॉम व्हीलर, मिनियन क्लायबर्न आणि जेसिका रोझेनवॉर्सेल शहरांच्या बाजूनं मत देतात. विरोधात दोन मतं, मायकेल ओरायली आणि अजित पै यांची. पै यांचे आईवडील भारतातून तिथे गेलेले. त्यांचा युक्तिवाद इंटरनेटच्या गुणदोषांवर नाही. नगरपालिका ही राज्याची निर्मिती, तिला काय करू द्यायचं ते राज्य ठरवणार, आयोगाला तिथे हात घालता येत नाही, असं ते म्हणतात. तीन विरुद्ध दोन. शहरं जिंकली. टाळ्या वाजतात. तुम्ही त्या टाळ्यांत सामील व्हा हवं तर, पण पै यांचा मुद्दा विसरू नका.

आता सीमेच्या पलीकडे पाऊल टाका.

पाइनटॉप्स. विल्सनच्या पूर्वेला, शेजारच्या एजकोंब काउंटीत. साल २०१६, वसंत ऋतू. वस्ती सुमारे १३००. एक मुख्य रस्ता, थोडी दुकानं, चर्च, आणि गाव संपलं की तंबाखू, कापूस, रताळ्यांची रानं. आजवर इथे टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून रखडत येणारं इंटरनेट होतं. व्हिडिओ सुरू केला की तो गोल चक्र दाखवत राहायचा. घरी बसून नोकरी करणाऱ्याला फाइल पाठवायला दुसऱ्या गावी जावं लागायचं. आज विल्सनची गाडी गल्लीत उभी आहे. दोन माणसं खांबावरून घरापर्यंत बारीक काळी तार ओढताहेत. तुम्ही दारात उभे राहा. आतली बाई स्वयंपाकघरातून डोकावून विचारते, आज सुरू होईल ना? होईल. भिंतीवर लहानशी पेटी बसते. तिचा मुलगा वही घेऊन संगणकापुढे बसतो, आणि शाळेचा धडा, जो काल तास खात होता, तो समोर उघडतो. रॉकेलच्या दिव्याशी पुस्तक धरून बसलेला मुलगा तुम्हाला इथे आठवेल.

गावाबाहेर रताळी पिकवणाऱ्या एका मोठ्या शेतकरी कुटुंबाचीही हीच गरज आहे. रताळ्यांच्या पिकात नॉर्थ कॅरोलायना अमेरिकेत पहिली. नव्या यंत्रात प्रत्येक रताळ्याचे फोटो निघतात, आकार आणि प्रत पाहून ते आपोआप वेगळं होतं. त्या साऱ्या माहितीला वाट देणारी तार लागते. शेतीला फायबर कशाला, असं राजधानीत विचारणाऱ्याला इथे आणून उभं करायला हवं.

गावात कुणी म्हणतं, आता मुलं परत येतील. कुणी दुकानातून ऑर्डरी घेऊ लागतं. चार-पाच महिने बरे जातात.

१० ऑगस्ट २०१६. ओहायो नदीकाठचं सिनसिनाटी, सहाव्या विभागाचं अपील न्यायालय. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना ही दोन्ही राज्यं आयोगाच्या विरोधात इथे आली आहेत. निकाल राज्यांच्या बाजूनं लागतो. राज्य आणि त्याच्याच नगरपालिका यांच्यातल्या अधिकारवाटपात ढवळाढवळ करायची, तर संसदेनं तसा स्पष्ट अधिकार दिलेला असायला हवा. आयोगानं ज्या केंद्रीय कायद्याचा आधार घेतला, त्यात तो नाही. पै यांनी दीड वर्षापूर्वी जे म्हटलं होतं, जवळपास तेच. कायदेशीर तर्क म्हणून तो मजबूत आहे. सर्वोच्च न्यायालयानंही २००४ मध्ये मिसुरीच्या नगरपालिकांच्या खटल्यात असाच कौल दिला होता. पण न्यायालयानं राज्याचा कायदा चांगला की वाईट हे पाहिलंच नाही, ते त्याचं कामही नव्हतं. ज्या प्रश्नावर पाइनटॉप्सचं आयुष्य अडलं होतं, तो प्रश्न वॉशिंग्टनमध्येही सुटला नाही आणि सिनसिनाटीतही नाही. तो रॅलेतच होता, त्याच लाल गालिच्यावर.

विल्सनच्या नगर परिषदेपुढे आता कायदा आहे. सीमेपलीकडे सेवा विकत राहिलो तर सारी ग्रीनलाइटच धोक्यात. सप्टेंबरमध्ये ती जड मनानं ठरवते: पाइनटॉप्सची सेवा बंद करायची. बसवलेल्या तारा, लावलेल्या पेट्या, सारं जागेवर असताना.

आणि मग ऑक्टोबरात मॅथ्यू वादळ येतं. ८ तारखेला पाऊस कोसळतो तो थांबत नाही. टार नदी काठ सोडते. एजकोंबमधलंच प्रिन्सव्हिल, गुलामीतून सुटलेल्या माणसांनी वसवलेलं गाव, १९९९ च्या फ्लॉइड वादळात बुडालेलं, पुन्हा पाण्याखाली जातं. काउंटीभर लोक घरं सोडताहेत, मदतीचे अर्ज भरताहेत, नातेवाइकांना शोधताहेत. अशा दिवसांत त्या मुलखातल्या एका गावाची तार तोडायची?

विल्सनच्या सभेत बसा. नगरसेवकांच्या चेहऱ्यांवर थकवा आहे. कायदा म्हणतो, हद्दीबाहेर सेवा विकू नका. बरं, मग विकणार नाही. सहा महिन्यांपर्यंत पाइनटॉप्सला फुकट देऊ. ठराव मंजूर होतो. एका गावानं दुसऱ्याला पैसे देऊन घ्यायची गोष्ट बेकायदा ठरली, म्हणून दुसऱ्यानं ती दान केली. शेजारधर्म असा आडमार्गानं निभावावा लागतो, याचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

पुढची गोष्ट २०१७ च्या उन्हाळ्यातली, पुन्हा जोन्स स्ट्रीटवरची. विल्सनच्या बाजूच्या आमदारांनी पाइनटॉप्ससाठी अपवाद करणारं विधेयक आणलं आहे. तडजोड होते: विल्सननं पाइनटॉप्सला सेवा देत राहावं, पण खाजगी कंपनीनं तिथे फायबर आणलं की विल्सननं बाहेर पडावं. आणि काय आश्चर्य, ज्या गावात अनेक वर्षं कुणाला फायदा दिसत नव्हता, तिथे तार ओढायला एक केबल कंपनी आता तयार आहे. सहकारी संस्था दिसताच बऱ्या वस्तीतून घाईघाईनं ओढलेली ती तार आता पुन्हा आठवा.

कंपनी आली ही वाईट गोष्ट नाही, येऊ द्या. दोन सेवा असत्या तर पाइनटॉप्सच्या माणसानं दर पाहिले असते, फोन उचलतात का ते पाहिलं असतं आणि स्वतः निवडलं असतं. स्पर्धा हवी म्हणून २०११ चा कायदा झाला, असं त्या खोलीत सांगितलं गेलं होतं. २०१७ च्या कायद्यानं त्या गावात एक स्पर्धक येण्याची अट म्हणून दुसऱ्याला काढून टाकलं.

शेवटचा मुक्काम कोलोरॅडो, मे २०२३. इथेही २००५ पासून असाच कायदा होता. फरक एवढाच की मतदान घेतलं तर शहराला त्यातून सुटता येई. मग एकामागून एक गावांनी मतदान घेतलं. लाँगमाँटमध्ये २००९ साली लोकांनी नाही म्हटलं, दोन वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा हो म्हटलं, कंपन्यांनी विरोधी प्रचारावर लाखो डॉलर खर्चूनही. पुढे शंभराहून जास्त गावं-शहरं अशीच बाहेर पडली. अखेर राज्यालाच कळलं की ज्या कायद्यातून लोक दरवर्षी मतानं बाहेर पडताहेत तो ठेवण्यात अर्थ नाही. गव्हर्नर जेरेड पोलिस सही करतात आणि ती अट जाते.

नॉर्थ कॅरोलायनाचा २०११ चा कायदा आजही लागू आहे. राज्य सरकार ग्रामीण भागात इंटरनेट पोचवण्यासाठी कंपन्यांना आणि सहकारी संस्थांना अनुदान देतं. विल्सन काउंटीच्या सीमेवर, रस्त्याच्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला मात्र आपल्या शेजारच्या शहराला बोलावता येत नाही. त्या शहराचं फायबर त्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या खांबापर्यंत आलेलं असलं तरी.